माहिती-तंत्रज्ञान सेवापुरवठादारांवरील अवलंबित्व आणि सायबर सुरक्षेची आव्हाने : खानदेशातील लहान सहकारी वित्तसंस्थांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : सेवापुरवठादार, सहकारी बँक, पतसंस्था, रॅन्समवेअर, दूरस्थ प्रवेश, उत्तरदायित्व

प्रस्तावना

खानदेशच्या अर्थजीवनात सहकारी संस्थांचे स्थान मोठे आहे. एरंडोलसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्याचे पीककर्ज विकास सोसायटीमार्फत येते, व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते नागरी सहकारी बँकेत असते, नोकरदारांची पतपेढी असते आणि बाजारपेठेतील लहान दुकानदाराची रोजची पिग्मी पतसंस्थेचा प्रतिनिधी येऊन घेऊन जातो. या संस्थांचे हिशेब पूर्वी लाल कापडी बांधणीच्या खतावण्यांत असत व त्या खतावण्या संस्थेच्या कपाटात असत. गेल्या दोन-अडीच दशकांत हिशेब संगणकात गेले. त्यानंतर ते संगणकातूनही बाहेर पडले आणि पुणे, मुंबई किंवा नाशिक येथील एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसले. संस्थेच्या शाखेत आता उरतो तो पडदा, कळफलक आणि पासबुक छापण्याचे यंत्र.

या स्थित्यंतरामुळे ग्राहकाला चांगली सेवा मिळू लागली, हे मान्य करावयास हवे. तथापि संस्थेची सुरक्षितता ही आता केवळ संस्थेची बाब राहिली नाही. ठेवीदाराने कधी नावही न ऐकलेल्या कंपनीच्या दक्षतेवर त्याची पुंजी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या अवलंबित्वाचे स्वरूप, त्यातून उद्भवणारे धोके आणि जबाबदारीचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

सेवापुरवठादार : संकल्पना व कार्यपद्धती

एखाद्या संस्थेचे सर्व्हर, संगणक जाळे, आज्ञावली, बॅकअप व सुरक्षा यांची देखभाल मासिक अथवा वार्षिक शुल्क घेऊन कायमस्वरूपी करणाऱ्या कंपनीस व्यवस्थापित माहिती-तंत्रज्ञान सेवापुरवठादार असे म्हटले जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एमएसपी’ म्हणण्याची रीत आहे. परंतु कापूस व मका पिकविणाऱ्या प्रदेशात एमएसपी म्हटले की किमान आधारभूत किंमतच डोळ्यांपुढे येते. म्हणून येथे ‘सेवापुरवठादार’ हाच शब्द वापरला आहे. बिघाड झाल्यावर बोलाविला जाणारा दुरुस्ती-कारागीर आणि सेवापुरवठादार यांत मूलभूत फरक आहे. कारागीर काम करून निघून जातो. सेवापुरवठादाराजवळ मात्र संस्थेच्या यंत्रणेची किल्ली बारा महिने असते, कारण त्याशिवाय त्यास काम करताच येत नाही.

ही रचना स्वीकारण्यामागे आर्थिक कारण आहे. शंभर कोटींच्या आतील ठेवी असलेल्या बँकेस स्वतःचे माहिती केंद्र उभारणे, त्यावर चोवीस तास देखरेख ठेवणे व त्यासाठी तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. अनेक बँकांनी मिळून एकाच पुरवठादाराची यंत्रणा वापरली तर खर्च विभागला जातो. कोअर बँकिंग, एटीएम, युपीआय या सुविधा लहान बँकांपर्यंत पोहोचल्या त्या बव्हंशी याच मार्गाने. मात्र खर्चाबरोबर धोकाही एकत्र येतो, याचा प्रत्यय देशाला 2024 मध्ये आला.

जुलै 2024 ची घटना

सी-एज टेक्नॉलॉजीज ही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व भारतीय स्टेट बँक यांनी संयुक्तपणे स्थापन केलेली कंपनी असून सहकारी व क्षेत्रीय ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरविणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. जुलै 2024 च्या अखेरीस या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. दि. 31 जुलै रोजी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजेच एनपीसीआयने, जाहीर निवेदन काढून सी-एजला आपल्या किरकोळ देयक प्रणालीपासून तात्पुरते अलग केल्याचे कळविले. वृत्तपत्रांतील माहितीनुसार सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांना याची झळ बसली. त्यांचे युपीआय व्यवहार होईनात, एटीएममधून पैसे निघेनात. सुरक्षा तपासणीनंतर दि. 1 ऑगस्ट रोजी जोडणी पूर्ववत करण्यात आली. हल्ल्याचा परिणाम पुरवठादाराच्या माहिती केंद्रापुरता मर्यादित होता व बँकांच्या स्वतःच्या यंत्रणा बाधित झाल्या नव्हत्या, असेही स्पष्ट करण्यात आले.

या शेवटच्या विधानाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बँकांच्या यंत्रणेत दोष नव्हता, कर्मचाऱ्यांची चूक नव्हती, ग्राहकाने ओटीपी कोणास सांगितला नव्हता. तरीही व्यवहार थांबले. एनपीसीआयचा निर्णय योग्यच होता, कारण बाधित यंत्रणा जोडलेली ठेवली असती तर संसर्ग संपूर्ण देयक व्यवस्थेत पसरण्याची शक्यता होती. साथीच्या रोगात घर अलग करावे तसा हा प्रकार. फरक इतकाच की त्या एका घरात सुमारे 300 कुटुंबे राहत होती.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात हल्ल्याचा उगम सी-एजमध्ये न दाखविता तिच्याशी संलग्न असलेल्या दुसऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीच्या सदोष मांडणी असलेल्या सर्व्हरमध्ये दाखविला आहे. ठेवीदार बँकेवर विसंबतो, बँक पुरवठादारावर आणि पुरवठादार उपपुरवठादारावर. या साखळीतील तिसऱ्या कडीचे नाव बँकेच्या संचालक मंडळास बहुधा ठाऊकही नसते.

सदर व्यत्यय अल्पकाळात दूर झाला. पुढच्याच पंधरवड्यात, दि. 14 ऑगस्ट 2024 पासून, ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते राज्यातील महिलांच्या आधार-संलग्न खात्यांवर जमा होऊ लागले. त्या सुमारास गावोगावच्या बँकांपुढे लागलेल्या रांगा अनेकांच्या स्मरणात असतील. हाच हल्ला दोन आठवडे उशिरा झाला असता तर बाधित बँकांच्या दारात काय स्थिती झाली असती, याची कल्पना करणे अवघड नाही. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांत ठेवी अडकल्याचे दिवस पाहिले आहेत. अशा प्रदेशात ‘पैसे मिळत नाहीत’ या वार्तेमागचे कारण तांत्रिक आहे की आर्थिक, हे समजून घेण्याइतका धीर ठेवीदाराजवळ उरत नाही.

पुरवठादारच लक्ष्य का होतो ?

हल्लेखोरांच्या दृष्टीने हा साधा हिशेब आहे. 300 बँकांची कुलपे एकेक करून तोडण्यापेक्षा किल्ल्यांचा जुडगा ज्याच्याजवळ आहे त्यास गाठणे सोपे. याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे दि. 2 जुलै 2021 चा कासेया प्रकार होय. कासेया ही अमेरिकन कंपनी सेवापुरवठादारांना लागणारी, ग्राहकांचे संगणक दुरून हाताळण्याची आज्ञावली तयार करते. तिच्यातील त्रुटीचा लाभ घेऊन ‘आरएव्हिल’ या टोळीने साठाहून कमी थेट ग्राहकांमार्फत सुमारे 800 ते 1500 व्यवसायांपर्यंत रॅन्समवेअर पोहोचविले आणि 7 कोटी डॉलरची खंडणी मागितली.

सहकाराच्या अभ्यासकास या प्रकरणातील एक तपशील विशेष लक्षणीय वाटेल. सर्वांत ठळक फटका बसलेल्यांत ‘कूप’ ही स्वीडनमधील ग्राहक सहकारी दुकानांची साखळी होती. तिची सुमारे 800 दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरील बिलिंग यंत्रे चालेनात. वास्तविक कूप ही कासेयाची ग्राहक नव्हती. तिच्या बिलिंग यंत्रांची देखभाल करणारी कंपनी कासेयाची आज्ञावली वापरीत होती. सी-एज प्रकरणात दिसलेली तीन कड्यांची साखळी येथेही जशीच्या तशी आढळते.

हल्ल्याच्या वेळेचाही विचार केलेला असतो. कासेयावरील हल्ला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला लागून झाला. महाराष्ट्रात पुणे येथील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ला दि. 11 ऑगस्ट 2018 रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना झाला. एटीएममधून आलेली मागणी बँकेपर्यंत नेऊन मंजुरी आणणाऱ्या यंत्रणेस ‘स्विच’ म्हणतात. हल्लेखोरांनी या स्विचला बगल देणारी बनावट यंत्रणा उभी केली व तीच प्रत्येक मागणीस परस्पर होकार देत राहिली. 28 देशांतील एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये व देशांतर्गत सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. दि. 13 ऑगस्ट रोजी स्विफ्ट प्रणालीद्वारे आणखी 13.92 कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यावर वळविण्यात आले. एकूण हानी सुमारे 94 कोटी रुपयांची झाली. एप्रिल 2023 मध्ये पुणे न्यायालयाने याप्रकरणी 11 जणांना दोषी ठरविले. ते प्रामुख्याने बनावट कार्डांनी पैसे काढण्याच्या कटातील होते.

कॉसमॉस ही राज्यातील मोठ्या नागरी बँकांपैकी एक असल्याने ती हा आघात सोसू शकली. लहान बँकांपैकी अनेकींचा स्विच तर त्यांच्या स्वतःच्या मालकीचाही नसतो. तो त्रयस्थ पुरवठादाराचा व अनेक बँकांत सामाईक असतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019 मध्ये अशा त्रयस्थ स्विच पुरवठादारांशी होणाऱ्या करारांत सुरक्षाविषयक किमान अटी घालणे बँकांना बंधनकारक केले, ते याच अवलंबित्वाची दखल घेऊन.

दूरस्थ प्रवेश : तालुक्याच्या ठिकाणचे वास्तव

मोठ्या माहिती केंद्रांवरील हल्ल्यांची वृत्तपत्रांत चर्चा होते. पतसंस्था, पगारदार पतपेढी, खत विक्रेता, कर सल्लागार यांच्या पातळीवरील धोका मात्र अगदी घरगुती स्वरूपाचा आहे. आज्ञावलीत अडचण आली की कर्मचारी पुरवठादारास दूरध्वनी करतो. पलीकडून सूचना येते, ‘एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा.’ नंबर सांगितला जातो, दुरून माउस हलू लागतो आणि कर्मचारी चहाला जातो. काम झाल्यावर ती आज्ञावली बंद केली जातेच असे नाही. पुष्कळदा पुन्हा पुन्हा नंबर सांगण्याचा त्रास नको म्हणून कायमचा पासवर्ड ठेवला जातो आणि सोयीसाठी तोच पासवर्ड पुरवठादाराच्या इतर ग्राहकांकडेही असतो.

दूरस्थ प्रवेशाचे साधन स्वतः वाईट नव्हे. त्याशिवाय एरंडोलच्या संस्थेला पुण्याच्या तज्ज्ञाची सेवा तासाभरात मिळणार नाही. परंतु ते साधनही अभेद्य नसते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये खुद्द एनीडेस्क कंपनीनेच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले व आपल्या संकेतस्थळावरील ग्राहकांचे पासवर्ड रद्द केले. ही वार्ता किती संस्थांच्या सचिवांपर्यंत पोहोचली असेल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

बॅकअपबाबतही असाच गैरसमज आढळतो. रॅन्समवेअर हे संगणकातील माहितीवर सांकेतिक कुलूप घालते व किल्लीसाठी पैसे मागते. त्या वेळी संगणकास जे जे जोडलेले असेल, ते सर्व त्याच्या तावडीत सापडते. रोज सायंकाळी बॅकअप घेतला जातो, पण ज्या हार्ड डिस्कवर तो घेतला जातो ती दिवसरात्र त्याच संगणकास जोडलेली राहते. मग मूळ माहिती व प्रत एकाच वेळी कुलूपबंद होतात. भारनियमनाच्या अनुभवामुळे इन्व्हर्टरचा खर्च कोणतेही संचालक मंडळ विनातक्रार मंजूर करते. एक जादा हार्ड डिस्क घेऊन ती आलटून पालटून दुसऱ्या इमारतीत ठेवण्याचा प्रस्ताव मात्र अनावश्यक वाटतो. घेतलेल्या बॅकअपवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळते की नाही, याची चाचणी तर क्वचितच होते.

जबाबदारी कोणाची ?

काम दुसऱ्याकडे सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही, हे तत्त्व भारतीय नियमनात आता पुरेसे स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने दि. 10 एप्रिल 2023 रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाबाबत सविस्तर निर्देश काढले व ते दि. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू केले. पुरवठादाराची पूर्वतपासणी, लेखापरीक्षणाचा अधिकार, उपपुरवठादारांवरील नियंत्रण, करार संपल्यावर बाहेर पडण्याची योजना अशा आवश्यक बाबी त्यांत होत्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 हाही हेच सांगतो. माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली तरी कायद्याच्या पालनाचे उत्तरदायित्व मूळ संस्थेकडेच राहते आणि सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यांत मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला.

परंतु 2023 च्या निर्देशांच्या व्याप्तीत एक मोठी विसंगती होती. पहिल्या व दुसऱ्या स्तरातील नागरी सहकारी बँका त्यांतून वगळल्या होत्या. स्थूलमानाने एक हजार कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या बँका या दोन स्तरांत मोडतात, म्हणजेच तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुसंख्य बँका. त्यांच्यावर अनुपालनाचा बोजा पडू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि ज्या बँका पुरवठादारावर सर्वाधिक विसंबून आहेत आणि त्याच्याशी घासाघीस करण्याची ताकद ज्यांच्यात सर्वांत कमी आहे, त्यांनाच या निर्देशांचा आधार मिळाला नाही. मोठी बँक नियमावर बोट ठेवून लेखापरीक्षणाचा अधिकार मागू शकते. लहान बँकेपुढे छापील करार येतो आणि ती त्यावर सही करते. डिसेंबर 2019 च्या श्रेणीबद्ध सायबर सुरक्षा आराखड्याने सर्व नागरी बँकांना किमान पातळी घालून दिली होती, हे खरे. पण तिचा मुख्य भर बँकेने आपले घर सुरक्षित ठेवण्यावर होता.

पतसंस्थांची स्थिती याहून बिकट आहे. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या असून रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस असलेले विमा संरक्षण त्यांच्या ठेवीदारास नाही. सहकारी बँकांसाठी डिसेंबर 2017 मध्ये घालून दिलेला नियमही त्यांना लागू नव्हता. त्या नियमानुसार दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविल्यास त्याचे दायित्व शून्य ठरत असे. पतसंस्थेची खतावणी पुरवठादाराच्या सर्व्हरवरून नाहीशी झाली, तर ठेवीदाराजवळ पुरावा म्हणून उरते ते हाताने किंवा यंत्राने भरलेले पासबुक. अनेक संस्थांनी पासबुके नियमित भरणे सोडून दिले आहे, ही बाब या संदर्भात चिंताजनक म्हणावी लागेल.

याखेरीज केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने दि. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांन्वये सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे व यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जतन करणे बंधनकारक केले आहे. पण पुरवठादाराकडील घटना संस्थेला केव्हा कळणार, हे करारात लिहिलेलेच नसते. कित्येकदा संस्थेस प्रथम बातमी देतो तो तक्रार घेऊन आलेला ग्राहकच.

पुरवठादाराची बाजू

सर्व दोष पुरवठादाराच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चार-पाच तंत्रज्ञांच्या बळावर पुष्कळ संस्थांना सेवा देणारा व्यावसायिक अल्प शुल्कावर काम करीत असतो. सुरक्षेसाठी शुल्क वाढवावे म्हटले तर ग्राहक दुसऱ्याकडे जातो. दुहेरी पडताळणी सुरू केली तर ‘रोज मोबाइलवर आकडा कशाला ?’ अशी तक्रार येते. विंडोज 10 या प्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा पाठिंबा दि. 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तरी जुने संगणक बदलण्याचा विषय वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला जातो. शिकलेला तंत्रज्ञ दोन वर्षांत पुण्यास निघून जातो आणि जाताना त्यास ठाऊक असलेले पासवर्ड बदलले जात नाहीत. ग्राहक स्वस्त सेवा मागतो व पुरवठादार स्वस्त सेवा देतो. जोखीम दोघेही जाणतात, कागदावर मात्र कोणीच आणत नाही.

सामूहिक सौदाशक्तीचा मार्ग व त्याच्या मर्यादा

एकट्या संस्थेस जे साधत नाही ते अनेकांनी मिळून साधावे, हा सहकाराचाच मूळ विचार आहे. नागरी बँकांसाठी राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ ही शिखर संस्था मार्च 2024 मध्ये कार्यान्वित झाली असून तंत्रज्ञानविषयक साहाय्य हा तिच्या उद्दिष्टांचा भाग आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने दि. 29 जून 2022 रोजी मान्यता दिली. त्या वेळी 63 हजार संस्था व 2,516 कोटी रुपये असा आराखडा होता आणि नाबार्डमार्फत समान राष्ट्रीय आज्ञावली देण्याचे ठरले. खानदेशातील विकास सोसायट्यांचे सचिव, ज्यांचे आयुष्य कर्जरोखे व हाताने भरलेल्या नोंदवह्यांत गेले, तेही यामुळे याच प्रवाहात येत आहेत.

एकच समान यंत्रणा असणे म्हणजे पुन्हा एकच मोठे लक्ष्य निर्माण करणे होय, ही शंका जुलै 2024 नंतर टाळता येत नाही. तिचे उत्तर यंत्रणा विखरून मिळणार नाही, कारण पन्नास दुबळे पुरवठादार हे एका सबळ पुरवठादारापेक्षा अधिक सुरक्षित असतातच असे नाही. यंत्रणा सामाईक असली तरी एका संस्थेचा कप्पा दुसरीपासून अलग ठेवणे आणि पुरवठादाराची तपासणी ग्राहक संस्थांनी एकत्रितपणे करून घेणे या दोन गोष्टींनी धोका बराच कमी होऊ शकतो. एका तालुक्यातील दहा-बारा पतसंस्था एकाच कंपनीची आज्ञावली वापरीत असतील, तर त्यांच्या फेडरेशनने एक तज्ज्ञ लेखापरीक्षक नेमून त्याचा खर्च वाटून घेणे अशक्य नाही. दहा संस्थांचे एकत्रित पत्र गेल्यावर छापील करारातील कलमेही बदलू शकतात.

अशा करारात सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेले कलम विलग होण्याचे आहे. पुरवठादार बदलावयाचा झाल्यास किंवा तो व्यवसायच बंद करून गेल्यास संस्थेची संपूर्ण माहिती तिला किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि पुरवठादाराकडील प्रत नष्ट झाल्याचे प्रमाणपत्र कोण देईल, हे सही करण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. माहिती दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीत उघडता येईल अशा सामान्य स्वरूपात दर तिमाहीस संस्थेच्या ताब्यात यावी, ती जोडणीविना असलेल्या डिस्कवर संस्थेच्या तिजोरीत ठेवली जावी आणि तिच्यावरून दहा-वीस खात्यांच्या शिलका पासबुकाशी ताडून पाहाव्यात. या कामास एक दुपार पुरते व त्यासाठी संगणकतज्ज्ञाची नव्हे, हिशेब तपासण्याची सवय असलेल्या लिपिकाची आवश्यकता असते.